माय मागं, लेकरू म्होरं

भिवराबाईच्या तोंडाला लागू नये, हे येलदरीच्या अलीकडच्या धनगरवस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण काही माणसांना ठाऊक असूनही राहवत नाही, जिभेला खाज असते. ती खाज घेऊन माणसं तिच्या खोपटापुढे येऊन बसत, तमाखू मळत, इकडचं तिकडचं बोलत आणि मग हळूच विचारत, "मग भिवराबाई, मुंजाजीचं काय ठरविलं?"

मुंजाजी हा तिचा एकुलता एक लेक. अठ्ठ्याऐंशी साली त्याला एकविसावं लागलं होतं. उंचापुरा गडी, अंगात दोन माणसांचं बळ, पण जन्मापासून डोक्यानं सावकाश. चालायला लागला चौथ्या वर्षी, बोलायला सातव्या. हाताची बोटं मोजायला सांगितली तर कधी चार भरत, कधी सात. शाळेत दोन वर्षं पहिलीतच बसला. तिसऱ्या वर्षी गुरुजींनीच हात जोडले आणि म्हणाले, बाई, ह्याला मेंढरांतच राहू द्या, तिथं तरी तो खुश राहील.

आता अशा पोराचं काय करायचं, ह्यावर अख्ख्या वस्तीचं एकमत होतं. इतर कशावर म्हणून कधी झालं नाही, विहिरीच्या गाळावर नाही की वाटेवरच्या बाभळीवर नाही, पण ह्यावर झालं. काय, तर लगीन लावून द्या. लगीन झालं की डोकं जाग्यावर येतंय.

"तुपलं लगीन होऊन तीस वर्सं झाले की," भिवराबाई सांगणाऱ्याला विचारायची. "आलं का जाग्यावर?"

तमाखू तशीच हातात धरून माणूस उठायचा. पण चार दिवसांनी दुसरा हजर. कुणी सेलूकडची पोरगी सुचवी, बापाला पाच पोरी हायेत, गाय हाय गाय, तोंडातून शब्द काढत न्हाई. कुणी म्हणे नवस करा. कुणी म्हणे देवाला वाहून टाका, देऊळ झाडील, परसाद खाईल. पोर जसं काही उकिरड्यावर पडलेलं होतं आणि कुणी उचलून नेतंय का, एवढाच सवाल होता. ह्या सगळ्या शहाण्यांत एकालाही एकदा असं सुचलं नाही की मुंजाजी समोरच बसलाय, त्यालाच विचारावं. त्याच्या डोक्यावरून बोलायचे, आंधळ्याच्या हातावरून ताट फिरवावं तसे.

ह्यात सगळ्यांत मोठा शहाणा होता भिवराबाईचा धाकटा दीर, येडबा. वस्तीत त्याचा शब्द चाले, कारण त्याचा आवाज मोठा होता. दुसरं काही कारण असल्याचं कुणाच्या ध्यानात नाही. भिवराबाईचा नवरा नागनाथ सहा वर्षांमागं काविळीनं गेला, तेव्हापासून त्याची मेंढरं येडबाच्या मेंढरांत मिसळून चरत. मेंढरांच्या उजव्या कानाला नागनाथची खूण होती, वरच्या बाजूला दोन चिरा. त्या वस्तीत रीत अशी, की बापाची खूण पोराकडे जायची ती दिवाळीच्या पाडव्याला. मेंढरांना गेरू लावून पूजा झाली की वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस वयात आलेल्या पोराच्या हातात काठी द्यायचा. काठी मिळाली की तो गडी. त्याचं खांड, म्हणजे कळप, वेगळं, रातची राखणीची पाळी वेगळी, शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवल्याबद्दल दिलेल्या धान्यात वाटा वेगळा. काठी मिळाली नाही तर तो नुसता हातपाय असलेला माणूस. मग त्यानं पन्नाशी गाठली तरी कुणी त्याला विचारत नाही.

मुंजाजीच्या वयाच्या पोरांना काठ्या मिळून तीन-तीन वर्षं झाली होती. येडबाच्या बिरबाला तर सतराव्या वर्षीच मिळाली. त्या बिरबाची काय तारीफ सांगावी! चोविशीचा घोडा, पण अजून त्याची आई सरजाबाई त्याच्यामागं रानात भाकरीचं फडकं घेऊन पळायची आणि "बाळा, ऊन लागंल रे" म्हणायची. पण तो गडी, आणि मुंजाजी येडा. वस्तीचा हिशोब असा होता.

दसऱ्यानंतर येडबा खोपटापुढे येऊन बसला.

"वैनी, यंदाच्या पाडव्याला दादाच्या मेंढरायला मी मपली खूण करून टाकतो," तो म्हणाला. "उगं दोन खुणा कशाला? मुंजाजी काय परका हाय का? राहील आमच्यात, चार भाकरी खाईल."

"चार भाकरी तुमी कुत्र्याला बी टाकता, भावजी."

"तुमचं असं असतंय बगा. चांगलं सांगायलो तर..."

"चांगलं कुनाचं, ते सांगा की अदुगर."

येडबा उठून गेला, पण त्याचं बोलणं भिवराबाईच्या डोक्यातून जाईना. गुडघे गेले होते, चढ चढताना दम लागत होता. आज ती होती म्हणून मुंजाजी तिचा लेक होता. ती गेल्यावर तो कुणाचा? येडबाच्या मेंढवाड्यातला फुकटचा गडी. पाळी सगळ्यांची करायची, वाटा कशात नाही, थंडीत घोंगडी उरली तर उरली. मेंढरं त्याच्याच बापाची आणि राखायची दुसऱ्याची म्हणून. हे चित्र तिला दिसे आणि ती वस्तीवर अजूनच खेकसे.

बाहेरच्यांचा अनुभवही तिनं घेऊन पाहिला होता. आदल्या सालच्या उन्हाळ्यात सेलूला कुण्या मंडळानं अपंगांचं शिबिर भरवलं होतं. भिवराबाई पोराला घेऊन एसटीनं निघाली. देवगाव फाट्यावर गाडी दोन तास अडकली, कारण विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी माणसं रस्त्यावर बसली होती. निळे झेंडे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, घोषणा. गाडीतले लोक कुरकुरत होते. भिवराबाई खिडकीतून बघत राहिली. "ह्या बायायला आपल्याला काय पायजे ते सोताच्या तोंडानं सांगता तरी येतंय," ती शेजारणीला म्हणाली. "मपल्या लेकराला काय पायजे ते समदा मुलुख सांगतोय, त्याला सोडून."

शिबिरात मंडप होता, हार होते, भाषणं होती. टेबलामागच्या बाबूनं विचारलं, "कोणता पाय?"

"दोनी धड हायेत, साहेब. डोकं सावकाश चालतंय."

"डोक्याचा रकाना नाही, बाई. पायाचा आहे."

आणि त्यांनी मुंजाजीला एक कुबडी दिली. खरंच दिली. ती बगलेत धरायला लावून, शेजारी पाहुण्यांना उभं करून फोटो काढला. पाहुणे हसले, मुंजाजीही हसला, कारण समोरचं माणूस हसलं की हसायचं एवढी रीत त्याला कळत होती. मग एसटी सुटायला लागली तसा तो कुबडी खांद्यावर टाकून जो पळत सुटला, की मंडपातले सगळे तोंडाचा आ करून बघत राहिले. ती कुबडी घरी आल्यावर वाघरीच्या कोपऱ्याला टेकू म्हणून लागली. वाघर म्हणजे मेंढरं रातची कोंडायची जाळी. एवढा एक उपयोग त्या सगळ्या समारंभाचा झाला, आणि तो चांगला झाला.

त्या दिवशी परतताना भिवराबाईनं मनाशी ठरवलं, की कुणाच्या दारात जायचं नाही. ह्याला गडी आपणच करायचा.

मग तिनं जे केलं ते बघून वस्ती हसली. हसेना का. ती एका वेळी एकच गोष्ट धरायची आणि महिना-महिना सोडायची नाही. धोतर नेसणं, एक महिना. चूल पेटवून भाकर भाजणं, सगळा पावसाळा, आणि त्या पावसाळ्यात दोघांनी इतक्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या की कुत्रंही तोंड फिरवायला लागलं. कुणी हटकलं तर काय म्हणायचं, हे तर तिनं त्याच्याकडून जात्यावर दळण दळल्यासारखं घोटून घेतलं: मुंजाजी. नागनाथ धनगराचा. मेंढरं बसवायला. एवढे तीन तुकडे बोलायला त्याला पुढच्या सालच्या आषाढापासून भादव्यापर्यंत लागले.

मोजणं मात्र तिनं शिकवलंच नाही, कारण त्याला त्याची गरज नव्हती. संध्याकाळी मेंढरं वाघरीत शिरताना तो तोंडाशी उभा राहायचा आणि प्रत्येकीच्या पाठीला हात लावायचा. एखादी कमी असली तर मटकन खाली बसायचा आणि ती सापडेपर्यंत उठायचा नाही. येडबा विसा-विसाचे गट करून मोजायचा आणि आठवड्यातून दोनदा चुकायचा. तरी हुशार येडबाच.

एका गोष्टीला मात्र मुंजाजी अडला. कोकरं मोठी झाली की त्यांना मेंढ्यांपासून तोडावं लागतं. नाहीतर ती दूधच ओढत राहतात, चरायला शिकत नाहीत आणि मेंढीही वाळते. तोडताना मेंढी मागं-मागं येते, ओरडते, आणि तिच्यापुढं काठी आडवी धरून तिला फिरवावं लागतं. पहिल्यांदा मुंजाजीनं काठी टाकून दिली आणि मेंढीच्या गळ्यात पडून रडला.

"आरं, रडू नको," भिवराबाईनं त्याला सांगितलं. "माय जवळ आसली की लेकरू चरत न्हाई. माय मागं, लेकरू म्होरं. दोन दीस वरडती मेंढी. तिसऱ्या दिशी गप खाया लागती."

तो ते शिकला. काठी आडवी धरायची, जीभ टाळ्याला लावून टक्-टक् करायचं, आणि म्हणायचं, "माय मागं."

पाडव्याला आठ दिवस राहिले तेव्हा भिवराबाई वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, भुजंग आजा, ह्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, यंदा मपल्या पोराला काठी पायजे. येडबा असा हसला की त्याला ठसका लागला. बराच गलका झाला. शेवटी आजानं तोड काढली. कालव्यापलीकडं दत्तराव पाटलाचं रान मेंढरं बसवायला मोकळं होतं. मुंजाजीनं नागनाथची मेंढरं एकट्यानं तिथं न्यायची, रातभर बसवायची, दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणायची. सोबत कुणी गेलं तर गोष्ट मिटली.

"एकटाच जाईल," भिवराबाई म्हणाली. "आन् मी वस्तीवरून हलनार न्हाई. सरजाबाईवानी फडकं घिऊन पळनारी न्हाई मी."

हे सगळ्यांसमोर बोलली. सरजाबाईच्या तोंडावर बोलली.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी खांद्यावर वाघर आणि ती कुबडी टाकून मेंढरं घेऊन निघाला. भिवराबाई खोपटाच्या दारात बसली. मेंढरं टेकाडाआड गेली. ती उठली, परत बसली. मग विळा घेऊन उठली आणि कुणी न विचारताच मोठ्यानं म्हणाली, "सरपन घिऊन येते जरा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! ओढ्यातून, बाभळीआडून, गुडघे धरत-धरत ही बाई पोराच्या मागं निघाली. जी बाई वर्षभर सगळ्या वस्तीला हिणवत होती, की तुम्ही माझ्या पोराला बाळ समजता.

आणि पोराला तिची गरजच पडेना. कालव्याच्या पुलापाशी जिंतूरची एसटी आली तेव्हा त्यानं मेंढरं बाजूला दाबून धरली आणि गाडीची धूळ बसेपर्यंत थांबला. भिवराबाईनं तोवर पदर चावून ओला केला होता. पुढं एका बांधावरून कुणीतरी ओरडलं, "कुनाचे रे मेंढरं?"

मुंजाजी थांबला. लई वेळ थांबला. झाडाआड भिवराबाईचे ओठ हलायला लागले.

"मुंजाजी," तो म्हणाला. "नागनाथ धनगराचा. मेंढरं बसवायला."

"जा मग," तो माणूस म्हणाला, आणि आपल्या कामाला लागला. एवढंच. जगात कुणाला वेळ आहे!

आता तरी परतावं की नाही? पण नाही. दत्तरावच्या रानाशेजारी तूर डोक्याएवढी होती, तिच्यात ही जाऊन बसली. मुंजाजीनं वाघर लावली, कुबडीचा टेकू दिला, हात लावून-लावून मेंढरं आत घेतली. एक कोकरू निसटलं ते थेट तुरीत घुसलं. त्याच्यामागं मुंजाजी आला आणि बघतो तर आई उकिडवी बसलेली, हातात विळा.

"सरपन..." भिवराबाई म्हणाली. तुरीत सरपण! जन्मभरात तिची जीभ अशी कधी लुळी पडली नव्हती.

मुंजाजी हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं कोकरू काखेत मारलं, काठी तिच्या छातीपुढं आडवी धरली आणि जीभ टाळ्याला लावून टक्-टक् केलं.

"माय मागं," तो म्हणाला.

"आरं मुंजा, भाकर खाल्ली का तू? पानी कुठून..."

"मागं."

काठी तिच्या अंगाला लागली नाही, पण हललीही नाही. तिनं डावीकडून जायला बघितलं तर काठी डावीकडं. उजवीकडून बघितलं तर उजवीकडं. बांधापर्यंत त्यानं तिला तसंच फिरवत आणलं, आणि ती कालव्याच्या वाटेला लागेपर्यंत बांधावर उभा राहिला. मग वळून मेंढरांकडं गेला.

वस्तीवर येडबा वाटच बघत होता. "सरपन कुठं हाय, वैनी?"

भिवराबाई काही न बोलता खोपटात शिरली. ती गप्प बसली, हे वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं आणि सगळ्यांनी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंजाजी मेंढरं घेऊन आला. पाठीमागं दत्तरावचा सालगडी ज्वारीचं पोतं घेऊन. एकही मेंढरू कमी नव्हतं. येडबानं दोनदा मोजलं आणि ह्या खेपेला दोन्ही वेळा बरोबर आलं. मग तो भुजंग आजाकडं वळला.

"मेंढरं आले, पर गोष्ट मिटली. वैनी गेलती मागं."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. नाही म्हणायला काय जात होतं? पाहिलं होतं कुणी? पण भिवराबाई म्हणाली, "गेलते. तुरीत दडून बसले. सरजाबाई तरी उजागरीनं पळती, मी चोरून पळाले. मपल्याच तोंडाला शेन मपल्याच हातानं लावलं मी. पर त्यात पोराचा काय गुन्हा? त्याला इचारा, त्यानं काय केलं."

आणि मग त्या वस्तीत एकवीस वर्षांत पहिल्यांदा मुंजाजीला काहीतरी विचारलं गेलं.

"मुंजाजी," आजा म्हणाला, "तुपली माय आलती का?"

"आलती."

"मग?"

"हाकलली."

हशा पिकला. बिरबा तर गुडघ्यावर थापा मारायला लागला.

"कामून रे?"

मुंजाजी विचारात पडला. आजा थांबला. एवढा वेळ त्याच्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं.

"माय वरडती," तो शेवटी म्हणाला. "लेकरू चरत न्हाई."

बिरबानं गुडघ्यावरचा हात काढला. सरजाबाईच्या हातात बिरबासाठी बांधलेलं भाकरीचं फडकं होतं, ते तिनं पाठीमागं नेलं. येडबानं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडं कुणी बघतच नव्हतं.

"ह्याला काठी न देऊन कुनाला देऊ?" आजा म्हणाला.

पाडव्याला काठी मिळाली. मेंढरांच्या कानांवर नागनाथचीच खूण राहिली. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी वस्तीचे गडी दरसालप्रमाणे हिवाळ्याच्या चराईला गंगाखेडकडं निघाले, गोदावरीच्या काठानं, दोन महिन्यांसाठी. आजवर भिवराबाई मुंजाजीसोबत जायची. ह्या खेपेला तिनं गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं, परत सोडलं. मुंजाजी आपलं खांड घेऊन सगळ्यांच्या मागं निघाला. कुबडी खांद्यावर होती. त्यानं मागं वळून बघितलं नाही. त्याच्या पुढं मेंढरं होती ना, त्याला काम होतं.

त्या दिवशी भिवराबाई सगळ्यांच्या अंगावर धावून गेली. विहिरीवर भांडली, कुत्र्याला दगड मारला. "दोन घास खा, बाई" म्हणणाऱ्या सरजाबाईला नाही नाही ते बोलली. दुसऱ्या दिवशी चूल पेटलीच नाही. टेकाडावर जाऊन बसली आणि मोठ्यानं रडली. ऐकायला कुणी आहे की नाही, ह्याची पर्वा न करता रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकच भाकर थापली, आणि खाल्ली.